नरक्या आणि विरजण

१९९९ च्या ऑक्टोबरात मी कॉलेजच्या मुलामुलींना घेऊन आंबोलीला गेले होते. पाऊस नुकताच ओसरला होता, पण चौकुळच्या बाजूच्या रानात पायाखालचा पाला अजून ओलाच होता. आमच्यासोबत वाट दाखवायला गावातले एक काका होते. एका झाडापाशी ते थांबले. झाड फार मोठं नव्हतं, बुंधा मनगटाएवढा आणि पानं रुंद. एका मुलीनं पान तोडलं, तसे काका म्हणाले, "चुरगळू नको गो बाय. हाताक वास येतलो, तो सांजपर्यंत जावचो नाय. ह्यां नरक्या."

तिनं चुरगळलंच. आणि सगळ्यांनी नाकाला पदर, रुमाल लावले.

त्या झाडापासून दहा-पंधरा पावलांवर खुंट दिसायला लागले. मी सात मोजले. कुऱ्हाडीचे घाव ताजे होते, आतलं लाकूड फिकट पिवळं. एका खुंटातून कोवळे धुमारे फुटले होते. दोन ठिकाणी तर खुंटही नव्हता. झाड मुळासकट उपटून नेलं होतं आणि खड्ड्यात पावसाचं पाणी साचलं होतं. मी विचारलं, "काका, हे कोण नेतं?" ते म्हणाले, "किलोच्या भावान नेतत. कित्याक लागता तां आमकां कोण सांगूक नाय."

मला ठाऊक होतं. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होते, नरक्याच्या लाकडात काय आहे हे वाचलेलं होतं. पण त्या रानात, ओल्या खड्ड्याशेजारी उभं राहून ते चार वाक्यांत सांगणं मला जमलं नाही. "कर्करोगाचं औषध करतात त्याचं," एवढंच म्हणाले. काकांनी मान हलवली आणि पुढे चालू लागले. आता निवृत्तीनंतर वेळ हाताशी आहे, तर ते उत्तर नीट देते.

नरक्याला पुस्तकातलं पहिलं नाव मिळालं ते मुंबईत. जॉन ग्रॅहम या वनस्पतीप्रेमी ब्रिटिश अधिकाऱ्यानं मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची एक सूची तयार केली. ती १८३९ मध्ये छापली गेली. ग्रॅहम त्याच वर्षी वारला आणि सूचीचं उरलेलं काम निम्मो नावाच्या त्याच्या सहकाऱ्यानं पुरं केलं. त्या सूचीत आपल्या झाडाला निम्मोचं नाव दिलेलं आहे, आणि आजच्या 'नोथापोडायटिस निम्मोनियाना' या नावातही ते टिकून आहे. मधली अनेक वर्षं मात्र शास्त्रज्ञ त्याला 'मापिया फिटिडा' म्हणत. फिटिडा म्हणजे दुर्गंधी. आपल्या लोकांनी नरक्या म्हटलं ते त्याच नाकानं. काही भागांत याच झाडाला अमृताही म्हणतात, आणि या झाडाचा पुढचा सगळा इतिहास या दोन नावांच्या मधला आहे.

त्या इतिहासाची सुरुवात आपल्या घाटात झाली नाही. अमेरिकेत मन्रो वॉल नावाचे रसायनशास्त्रज्ञ झाडपाल्यातून औषधी द्रव्यं शोधत होते. चीनमधून आणलेल्या कॅम्प्टोथेका नावाच्या झाडाचा अर्क उंदरांमधल्या कर्करोगावर परिणाम करतो, हे १९५० च्या दशकाच्या शेवटी दिसून आलं होतं. पुढे नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये वॉल यांच्यासोबत मनसुख वाणी काम करू लागले. वाणींचा जन्म १९२५ चा, नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र शिकून, मुंबईत काही काळ शिकवून ते अमेरिकेला गेले होते. या चमूनं १९६६ मध्ये त्या चिनी झाडातल्या द्रव्याची रचना प्रसिद्ध केली. त्याचं नाव कॅम्प्टोथेसिन. १९७१ मध्ये त्यांनीच यू नावाच्या झाडाच्या सालीतल्या दुसऱ्या द्रव्याची रचना मांडली, ते टॅक्सॉल. खानदेशात जन्मलेल्या माणसाचं नाव कर्करोगाच्या दोन मोठ्या औषधांशी जोडलेलं आहे, आणि आपल्या शाळांमध्ये ते कुणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. वाणी २०२० मध्ये वारले.

दुसरा धागा मुंबईतच होता. गोरेगावला १९६३ मध्ये सिबा कंपनीचं संशोधन केंद्र सुरू झालं. तिथले संचालक टी. आर. गोविंदाचारी हे भारतातल्या वनस्पती-रसायनशास्त्रातलं मोठं नाव. त्यांनी आणि एन. विश्वनाथन यांनी १९७२ मध्ये दाखवून दिलं, की चिनी झाडातलं कॅम्प्टोथेसिन आपल्या नरक्यातही आहे, आणि भरपूर आहे. सुक्या लाकूड-सालीच्या हजार भागांत एक ते तीन भाग असं प्रमाण सर्वसाधारणपणे सांगतात. वनस्पतींच्या हिशेबात हे प्रमाण मोठं आहे. आणि नेमकं तेच या झाडाच्या मुळावर आलं.

हे द्रव्य करतं काय? आमच्या मालवणात काथ्याची दोरी वळताना ज्यांनी पाहिलीय, त्यांना ते लगेच समजेल. दोन पदरी दोरीचे पदर मधूनच ओढून वेगळे करायला जा, पुढचा पीळ आणखी घट्ट बसतो, गाठ मारल्यासारखा. पेशीतला डीएनए असाच दोन पदरांचा आहे. पेशी दुभंगण्यापूर्वी त्याची नक्कल व्हावी लागते, त्यासाठी पदर सुटे व्हावे लागतात, आणि पुढे पीळ साचत जातो. तो काढायला पेशीत टोपोआयसोमरेज नावाचं विकर असतं. ते एक पदर कापतं, पीळ सैल होऊ देतं आणि कापलेलं टोक पुन्हा सांधतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं कापल्यानंतर आणि सांधण्याआधी तिथे अडकून बसतं. दोरी कापलेली ती कापलेलीच राहते. ज्या पेशी घाईनं दुभंगत असतात, त्या आधी मरतात. कर्करोगाच्या पेशी अशाच घाईच्या.

हे कळलं १९८५ च्या सुमारास. त्याआधी १९७० च्या दशकात रुग्णांवरच्या चाचण्या झाल्या होत्या आणि थांबवाव्या लागल्या होत्या, कारण मूळ द्रव्य पाण्यात धड विरघळत नाही आणि विरघळवलेल्या रूपात मूत्राशयाला फार जाळत होतं. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी त्याच रेणूला थोडं बदललं. इरिनोटेकॅन १९९४ मध्ये जपानमध्ये वापरात आलं, टोपोटेकॅनला अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली. आतड्याचा, बीजकोशाचा, फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या किती माणसांना त्यांनी वर्षं दिली असतील! पण दोन्ही औषधांचा कच्चा माल तोच, झाडातलं कॅम्प्टोथेसिन. साधा हिशेब करा. हजारात एक ते तीन भाग म्हणजे एक किलो द्रव्यासाठी सुमारे तीनशे तेहतीस किलो ते एक टन सुकं लाकूड. ते कुठून आलं? सह्याद्रीतून. वाळवलेल्या ढलप्या आणि भुकटी पोत्यांतून घाट उतरत होती, अर्क काढणाऱ्या कारखान्यांकडे आणि परदेशाकडे जात होती. नरक्या संकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत जाऊन बसला. सिंधुदुर्गातही चोरट्या तोडीचे साठे वन विभागानं वेळोवेळी पकडले. पकडले गेले ते बहुधा खांद्यावर ओझं वाहणारे. त्यांना मिळत होते किलोमागे काही रुपये.

आंबोलीच्या त्या खड्ड्याशी मला माझी आई आठवली होती. ती का, ते सांगते.

१९९४ मध्ये आईच्या स्तनात गाठ निघाली. आमचं घर मालवणात धुरीवाड्याला. त्या काळी, आणि अजूनही, आमच्या भागातल्या माणसांचा मोठ्या दुखण्याचा रस्ता दक्षिणेकडे जातो, गोव्यात बांबोळीला. शस्त्रक्रिया झाली आणि दर एकवीस दिवसांनी इंजेक्शनं सुरू झाली. पहिल्या दिवशी नर्सनं भली मोठी सिरिंज आणली. आत लालभडक पाणी. आई ते बघत राहिली आणि मला म्हणाली, "ह्यां काय गो? आगळ घालतत की काय अंगात?"

खरंच कोकमाच्या आगळाचाच रंग. नर्सनं सांगितलं, की उद्या लघवीलाही लाल होईल, घाबरू नका. मी आईला सांगितलं, की आई, हे औषध मातीतून आलंय. मातीत जिवाणू असतात, ते हे लाल द्रव्य करतात. ती जरा विचार करून म्हणाली, "मातयेतलां? मगे बरां. माती कोणाक फसवणा नाय." केस गेले, तोंड आलं, भात बघवेना. पण ती त्यातून उठली आणि पुढे बारा वर्षं आमच्यात होती.

त्या लाल औषधासाठी जगात कुठेही झाड तोडावं लागलं नव्हतं. त्याचा इतिहास नरक्याच्या इतिहासाशेजारी ठेवून पाहावा असा आहे.

इटलीच्या दक्षिणेला, आड्रियाटिक समुद्राकडच्या आपुलिया प्रांतात, कास्तेल देल मोंते नावाचा तेराव्या शतकातला किल्ला आहे. मिलानच्या फार्मितालिया कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात त्या किल्ल्याजवळची माती आणली. त्या मातीतून त्यांना एक नवा जिवाणू मिळाला, लाल रंगद्रव्य करणारा. त्या प्रदेशात प्राचीन काळी राहणाऱ्या प्यूसेती लोकांवरून त्याचं नाव ठेवलं स्ट्रेप्टोमायसिस प्यूसेटियस. त्याच्या लाल द्रव्यातून डाउनोरुबिसिन मिळालं, जे रक्ताच्या कर्करोगावर चालतं. फ्रान्समध्येही त्याच सुमारास तेच द्रव्य स्वतंत्रपणे सापडलं.

पुढची पायरी माझ्या दृष्टीनं महत्त्वाची. शास्त्रज्ञांनी त्या जिवाणूवर एका रसायनाचा प्रयोग करून त्याच्या आनुवंशिक द्रव्यात बदल घडवले आणि बदललेल्या पिल्लावळीतून वेगळा वाण निवडला. तो वाण नवं द्रव्य करू लागला. त्यात डाउनोरुबिसिनपेक्षा एकच प्राणवायूचा अणू जास्त होता. १९६९ मध्ये ते जाहीर झालं. समुद्राच्या नावावरून ॲड्रिॲमायसिन, पुढे डॉक्सोरुबिसिन. एका अणूनं केवढा फरक पडला! स्तनाच्या गाठीसारख्या घट्ट गाठींवरही औषध लागू पडायला लागलं. आईच्या शिरेत गेलं ते हे.

जिवाणूंचा वाण म्हणजे काय, हे मी वर्गात नेहमी विरजणावरून सांगायचे. आमची आई विरजणाला फार जपायची. वाडीतली माणसं वाटी घेऊन यायची, ती द्यायची, पण दिवेलागणीनंतर कुणालाही नाही. चांगलं विरजण हाताशी असलं, की कितीही दूध असो, एक चमचा पुरतो, आणि उद्याच्यासाठी पुन्हा तेवढंच उरतं. विरजण संपत नाही, म्हणून त्याच्यासाठी रोज गाय मारावी लागत नाही. प्यूसेटियस हे असंच विरजण. पोलादी टाक्यांत साखर-पेंडीच्या खाद्यावर तो आंबवायचा, लाल द्रव्य काढून घ्यायचं, वाण जपून ठेवायचा. किल्ल्याजवळची माती एकदाच उचलली, तीही मूठभर.

आणि विरजण सुधारता येतं. डॉक्सोरुबिसिनचा एक मोठा दोष होता: ते हृदयाच्या स्नायूला बाधतं, म्हणून आयुष्यभरात ठरावीक मात्रेपलीकडे देता येत नाही. त्या रेणूला एक साखरेचा तुकडा जोडलेला असतो. त्या साखरेवरचा एक गट वर आहे तो खाली केला, तर हृदयाला तुलनेनं कमी बाधणारं एपिरुबिसिन मिळतं. प्रयोगशाळेत रसायनांनी ते करायला बऱ्याच पायऱ्या लागत आणि माल कमी हाती येई. १९९८ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातले रिचर्ड हचिन्सन, त्यांचे सहकारी कृष्णमूर्ती मदुरी आणि इतरांनी हे काम जिवाणूवरच सोपवलं. त्यांनी प्यूसेटियसमधलं ती साखर घडवणारं एक जनुक निकामी केलं. त्या जागी दुसऱ्या जिवाणूचं जनुक घातलं, जे तो गट उलट्या बाजूला बसवतं. जिवाणू थेट एपिरुबिसिन करू लागला.

ते उसनं जनुक कुणाचं? एका प्रयोगात स्ट्रेप्टोमायसिस ॲव्हरमिटिलिसचं. हा जिवाणू जपानमध्ये सातोशी ओमुरा यांना इतो शहरालगतच्या कवाना इथल्या गोल्फ मैदानाजवळच्या मातीत सापडला होता. त्याच्यापासून आयव्हरमेक्टिन निघालं आणि ओमुरांना २०१५ चं नोबेल मिळालं. दुसऱ्या प्रयोगात जनुक आलं एरिथ्रोमायसिन करणाऱ्या जिवाणूकडून, जो फिलिपिन्सच्या इलोइलोच्या मातीतला. इटलीच्या किल्ल्याजवळची माती, जपानची माती, फिलिपिन्सची माती, यांची सोयरीक एका टाकीत जुळली आणि माणसाच्या हृदयाला कमी इजा करणारं औषध झालं. मी या प्रयोगांवरचा शोधनिबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा माझे डोळे भरून आले होते. आईला बांबोळीत लाल सिरिंज लागली, त्याच्या चारच वर्षांनंतरची गोष्ट होती ती.

मातीतलं हे धन महाराष्ट्राला अपरिचित नव्हतं. पुण्याजवळ पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. तिथले एम. जे. तिरुमलाचार मातीतले स्ट्रेप्टोमायसिस धुंडाळत. पिंपरीच्याच मातीतल्या एका जिवाणूचं नाव त्यांनी गावावरून पिंप्रिना ठेवलं. त्यानं दिलेलं बुरशीनाशक औषध हमायसिन १९६१ मध्ये जाहीर झालं. नावातली 'ह' आणि 'अ' ही कारखान्याची आद्याक्षरं. म्हणजे स्वतःच्या गावातल्या मातीतून औषध काढणारी माणसं आपल्याकडे होती. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उद्योगोपयोगी सूक्ष्मजीवांचा संग्रह आजही जपला जातो, सरकारी विरजणाची कोठीच ती.

माझ्या प्रॅक्टिकलच्या वर्गात मुलं घरून माती आणत. काजूच्या बुडाखालची, माडाच्या आळ्यातली, भाताच्या कुणग्यातली. ती चिमूटभर माती निर्जंतुक पाण्यात कालवायची, त्या पाण्याचं आणखी पाणी करायचं, आणखी एकदा, मग त्यातला थेंब काचेच्या बशीतल्या खाद्यावर पसरायचा. दुसऱ्या दिवशी चिकट, चकचकीत ठिपके येतात, ते साधे जिवाणू. मुलांना वाटतं झालं. मी म्हणायचे, आठवडाभर थांबा. सातव्या दिवशी पांढरे-राखाडी, कोरडे ठिपके दिसतात, फळ्याखाली खडूची भुकटी पडावी तसे. सुईनं उचलायला गेलं, तर सुटत नाहीत, खाद्यात मुळं रोवून बसलेले असतात. बशीचं झाकण जरा उघडून वास घ्यायला सांगायचे. मुलं एकदम म्हणायची, "बाई, पहिल्या पावसाचा वास!" तो वास याच जिवाणूंचा. मृगाच्या पहिल्या सरीला अंगणातून उठणारा सुगंध म्हणजे आपल्या पायाखाली स्ट्रेप्टोमायसिस असल्याची ग्वाही.

एकदा एका कोळ्याच्या मुलानं कोळंब खाडीतला काळा चिखल आणला. गोड्या पाण्याच्या खाद्यावर त्यातून फार काही उगवलं नाही. मग आम्ही समुद्राच्या पाण्यात खाद्य बनवलं, तेव्हा त्या बशीत वेगळीच वस्ती उठली. त्या वेळी मी मुलांना अमेरिकेतल्या विल्यम फेनिकल आणि पॉल जेन्सन यांची गोष्ट सांगितली. त्यांना बहामा बेटांजवळच्या समुद्रतळाच्या गाळात सॅलिनिस्पोरा नावाचे जिवाणू मिळाले, जे खाऱ्या पाण्याशिवाय वाढतच नाहीत. त्यातली एक जात कर्करोगाच्या पेशींना मारणारं द्रव्य करते आणि त्यासाठी लागणारा क्लोरीन समुद्राच्या खारटपणातून घेते. पुढे २०१० मध्ये ब्रॅडली मूर आणि अलेसांद्रा युस्ताकियो यांनी त्या जिवाणूतलं क्लोरीन जोडणारं जनुक काढून, जमिनीवरच्या एका स्ट्रेप्टोमायसिसचं फ्लोरीन जोडणारं जनुक घातलं. जिवाणू फ्लोरीनवालं नवं द्रव्य देऊ लागला. मालवणच्या समुद्राला १९८७ मध्ये सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला, तो प्रवाळ आणि माशांसाठी. खाली चिखलात कोण राहतं, याची मोजदाद त्या मुलाच्या बशीएवढीच जवळून व्हायला हवी.

आता पुन्हा नरक्याकडे येते. त्याचं विरजण का झालं नाही?

स्ट्रेप्टोमायसिसमध्ये एका औषधाची सगळी जनुकं शेजारीशेजारी बसलेली असतात, रापणीचे सगळे गडी एकाच होडीत असावेत तशी. एक धागा हाती आला, की बाकीचे सापडतात. झाडात तसं नसतं. तिथे गडी वाड्यावाड्यांत पांगलेले असतात, एकेकाला शोधून हाक मारावी लागते. कॅम्प्टोथेसिनसारखं द्रव्य घडायला अनेक टप्पे लागतात. तरीही माणसं थकली नाहीत. टॅक्सॉलचंच बघा. एका किलो टॅक्सॉलसाठी साधारण तीन हजार यू झाडांची साल सोलावी लागे, आणि साल सोललेलं झाड मरतं. तिथे ओरड झाली. मग संशोधकांनी झाड न मारता पानांतून कच्चा माल काढला, पुढे यूच्या पेशीच टाक्यांत वाढवल्या. २०१० मध्ये अमेरिकेच्या एमआयटीमध्ये पराइल कुमारन अजिकुमार आणि ग्रेगरी स्टेफानोपोलस यांनी यूची जनुकं ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूत घालून टॅक्सॉलचा सांगाडा लिटरमागे सुमारे एक ग्रॅम एवढा मिळवला. २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या सारा ओ'कॉनर यांच्या चमूनं किण्वाकडून, म्हणजे यीस्टकडून, स्ट्रिक्टोसिडिन करवून घेतलं. कॅम्प्टोथेसिनच्या घराण्यातल्या असंख्य द्रव्यांचा तो आद्य पूर्वज.

आणि नरक्याच्या पोटातही भाडेकरू आहेत. २००५ मध्ये जम्मूच्या प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी आपल्या पश्चिम किनाऱ्याकडच्या नरक्यात राहणारी एक बुरशी वेगळी काढली. ती झाडाबाहेर, काचपात्रातही कॅम्प्टोथेसिन करताना आढळली. २०१३ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी नरक्याच्याच कुळातल्या एका वेलीत असे जिवाणू दाखवले. मात्र पुन्हा पुन्हा वाढवत नेलं, की त्यांचा गुण उतरत जातो. ज्यांनी घरी विरजण जपलंय, त्यांना हे सांगायला नको. पाणचट दुधात चार वेळा लावलेलं विरजण पुढे लागत नाही. मूळ घराकडून ताजी वाटी आणावी लागते. नरक्याच्या बाबतीत ते मूळ घर म्हणजे उभं झाड. झाड राहिलं, तर त्याची कृती उद्या वाचता येईल, तिच्यात बदल करता येतील, जिवाणूकडून ती करून घेता येईल. रानातलं शेवटचं झाड ढलप्या होऊन पोत्यात गेलं, तर त्याच्याबरोबर त्याचे भाडेकरूही गेले आणि त्या डोंगरावरच्या झाडाचं वेगळेपणही गेलं. एकाच जातीच्या झाडांत डोंगरागणिक द्रव्याचं प्रमाण बदलतं, हे मोजून पाहिलेलं आहे.

कोकणातला शेतकरी कितीही अडला, तरी कणगीतलं बियाणं खात नाही. जुनी माणसं कंदमुळं, पेज खाऊन पाऊस काढत, पण बियाण्याच्या मुड्याला हात लावत नसत. नरक्याच्या बाबतीत आपण बियाणं खाल्लं. ज्यांनी कुऱ्हाड चालवली, त्यांना मी दोष देत नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायला हवं होतं ते आम्ही शिकलेल्यांनी, शिक्षकांनी. १९७२ मध्ये गोरेगावात जे कळलं, ते सत्तावीस वर्षांनीही आंबोलीच्या काकांना माहीत नव्हतं. हा दोष माझ्यासकट आमचा सगळ्यांचा.

म्हणून तीन गोष्टी मागते. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही ठेवली आहे, आणि व्यापारी वापरातल्या लाभाचा वाटा गावाला देण्याची तरतूदही केली आहे. आंबोली, चौकुळ, दोडामार्ग, तिलारीकडच्या ज्या गावांच्या रानात नरक्या आहे, तिथल्या नोंदवहीत त्याचं नाव, जागा आणि झाडांची संख्या लिहा. नोंद नसली, तर हक्क सांगता येत नाही. दुसरं, नरक्या खुंटातून फुटतो आणि बियांपासूनही येतो. पक्व जांभळट फळं हिवाळ्याच्या तोंडाशी वेचा, शाळेच्या रोपवाटिकेत लावा, आणि रोपं पुन्हा रानात न्या. तिसरं माझ्या शिक्षक मित्रमैत्रिणींना: एका तरी वर्गाला मातीची बशी लावून सात दिवस थांबायला शिकवा, आणि त्या मातीत काय दडलंय ते सांगा.

आणि आंबोलीला गेलात, नरक्याचं झाड दिसलं, तर पान अवश्य चुरगळून बघा. वास सांजपर्यंत जाणार नाही. झाड मात्र उभंच ठेवा.